भुकेचा हिशेब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडच्या गावांत लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी जाम नदीच्या एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा समोरासमोर उभे राहते. गोटमारीचे वर्णन या अंकाच्या वाचकांसाठी नव्याने करण्याचे कारण नाही. नदीच्या मध्यात रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा आणि दोन्ही काठांवरचे दगडांचे ढीग आपल्या डोळ्यांपुढे आहेत. ही प्रथा असावी की नसावी, हा वाद वेगळा, आणि तो दरवर्षी होतच असतो. प्रस्तुत लेखाचा विषय आहे त्या दगडाला चिकटलेली माती.

त्या दिवशी उपचार-शिबिरात शेकड्याने जखमी येतात. डॉक्टर जखम धुतात, टाके घालतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देतात. दगडाने डोके फुटले तर रक्तस्राव होईल, हाड मोडेल, हे समजण्यासारखे आहे. परंतु चार दगड लागून घरी गेलेला माणूस आठ-दहा दिवसांनी जबडा आवळून, पाठीची कमान होऊन का मरावा? उत्तर त्या चिमूटभर मातीत आहे. तिथे धनुर्वाताचा जिवाणू अशा रूपात पडलेला असतो की तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही आणि तरीही मेलेला नसतो. या रूपाला बीजाणू म्हणतात.

आदल्या दिवशी ज्याच्या शिंगांना बेगड लावली त्या बैलाचेही या मातीशी असेच नाते आहे. पावसाळ्यात गुरांना होणारा फऱ्या, ज्याला एकटांग्याही म्हणतात, आणि एका रात्रीत धडधाकट जनावर आडवे करणारी फाशी, म्हणजे काळपुळी, हे दोन्ही रोग बीजाणू करणाऱ्या जिवाणूंचे आहेत. घटसर्पही याच दिवसांत येतो. पण त्याचा जिवाणू बीजाणू करीत नाही, म्हणून तो मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकत नाही. फाशीचे मात्र तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या ओसाड बेटावर १९४२ साली या रोगाच्या बीजाणूंचे बॉम्ब मेंढ्यांवर उडवून पाहिले. ते बेट १९८६ साली फॉर्मल्डिहाइडने भिजवून काढावे लागले आणि निर्धोक म्हणून जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. अठ्ठेचाळीस वर्षे!

हा बीजाणू जिवाणू केव्हा करतो, कशासाठी करतो आणि मुख्य म्हणजे कशातून करतो, हे माणसाला कसे कळत गेले, त्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. त्यातले एक प्रकरण मुंबईत परळला घडले. एकोणीस माणसांचे प्राण आणि एका प्रामाणिक शास्त्रज्ञाची अब्रू त्यात गेली.

सुरुवात मात्र एका खेड्यातल्या डॉक्टरपासून करावी लागते. रॉबर्ट कॉख हा त्या वेळी जर्मनीच्या पूर्व भागातल्या व्होल्श्टाइन नावाच्या आडगावी सरकारी वैद्यकीय अधिकारी होता. (ते गाव आज पोलंडमध्ये आहे. सरहद्द सरकली की गावे या राज्यातून त्या राज्यात जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) आसपासच्या मेंढ्या फाशीने मरत होत्या. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. राहत्या घरातच सूक्ष्मदर्शक, उंदीर आणि कसायाकडून आणलेले बैलाचे डोळे. डोळ्यातल्या स्वच्छ पाणीदार द्रवाचा थेंब काचेवर घेऊन त्यात मेलेल्या जनावराच्या प्लीहेचा कण टाकायचा, ऊब द्यायची आणि तासन् तास पाहत बसायचे. काड्यांसारखे जिवाणू लांब लांब दोऱ्यांएवढे वाढले. मग त्या दोऱ्यांत माळेतल्या मण्यांसारखे चमकदार ठिपके दिसू लागले. दोरे विरून गेले, मणी उरले. वाळलेले मणी पुन्हा ताज्या द्रवात टाकले की त्यांतून पुन्हा काड्या!

३० एप्रिल १८७६ रोजी कॉख आपले सामान घेऊन ब्रेस्लाउला वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनंड कोन याच्याकडे गेला आणि हे सर्व प्रत्यक्ष करून दाखवले. कोन स्वतः त्याच सुमारास गवताच्या काढ्यातल्या एका निरुपद्रवी जिवाणूचे असेच बीजाणू पाहत होता. 'बॅसिलस सबटिलिस' हे त्याचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी कथा त्याच्यावरच रचली गेली. दोघांचे निबंध कोनच्या नियतकालिकात एकाच वर्षी छापले गेले.

कॉखच्या निबंधातली दोन निरीक्षणे आपल्या गोठ्याशी थेट संबंधित आहेत. पहिले असे की जनावर जिवंत असेपर्यंत त्याच्या रक्तात बीजाणू होत नाहीत, काड्याच असतात. दुसरे असे की बीजाणू व्हायला हवा लागते आणि ऊब लागते; थंडीत हे काम होत नाही. म्हणजे फाशीने मेलेले जनावर न फाडता तसेच राहिले तर आतला प्राणवायू संपतो, कुजवणारे इतर जिवाणू माजतात आणि फाशीच्या काड्या बीजाणू न करताच दोन-चार दिवसांत मरतात. तेच जनावर सोलले, पोट फाडले, की काळे न गोठलेले रक्त मातीवर सांडते, त्याला हवा मिळते, आणि भाद्रपदातल्या आपल्याकडच्या उबेत दिवसा-दोन दिवसांत त्या जागेचे बीजाणूंचे कोठार होते. ऊब कुठून आणायची, हा प्रश्न व्होल्श्टाइनला पडत असेल, आपल्याला नाही.

पाश्चरने १८८० साली दाखवले की पुरलेल्या जनावरांचे बीजाणू गांडुळे पुन्हा वर आणतात. पुढच्याच वर्षी त्याने फाशीची लस केली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे: जिवाणू ४२-४३ अंशांवर वाढवायचा, कारण तेवढ्या उष्णतेत तो वाढतो खरा, पण बीजाणू करू शकत नाही. बीजाणूच्या आड लपण्याची वाट बंद झाली की तो हळूहळू दुबळा होतो. आपल्याकडे गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी जिवाणू-प्रयोगशाळा डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यात निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. असले जंतू गजबजलेल्या शहरात बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली.

त्याच १८८९ साली बर्लिनमध्ये कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने धनुर्वाताचा जिवाणू प्रथमच शुद्ध स्वरूपात वेगळा केला. जखमेतला पू घेऊन वाढवला तर दहा प्रकारचे जंतू एकत्र वाढतात. किटासाटोने ते मिश्रण ८० अंशांवर तापवले. बाकीचे सगळे मेले, धनुर्वाताचे बीजाणू तेवढे उरले. मग हवा काढून हायड्रोजनमध्ये ते वाढवले, कारण या जिवाणूला प्राणवायू विषासारखा. बीजाणूचा जो चिवटपणा माणसाचा वैरी, तोच शोधाची किल्ली ठरला.

आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथे प्लेग सुरू झाला आणि वाल्डेमार हाफकिन हा रशियातून आलेला ज्यू शास्त्रज्ञ लस तयार करण्याच्या कामाला लागला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची लस म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातली कृती होती. हिंदू-मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून बोकडाच्या मांसाचा रस घ्यायचा, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढायचे. मग ते ६५ ते ७० अंशांवर तापवून मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

१९०२ साली पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचायचे ठरले आणि मागणी एकदम वाढली. हाफकिनने पद्धत बदलली. जंतू आगरवर वाढवू लागला आणि कार्बोलिक वगळले, कारण तापवणे पुरेसे आहे अशी त्याची खात्री होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस ज्यांना मिळाली त्या एकोणीस जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस दगावले.

चौकशी-समितीच्या अध्यक्षस्थानी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. समितीने बोट परळच्या प्रयोगशाळेकडे दाखवले: बाटली उघडण्याआधीच दूषित होती, आणि कार्बोलिक वगळणे ही चूक होती. हाफकिनला संचालकपदावरून दूर करण्यात आले. पण त्या बाटलीच्या कागदपत्रांत दोन गोष्टी पडून होत्या. एक म्हणजे लस टोचण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले गेले होते. दुसरी गोष्ट साधीच, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा. टोचणाऱ्या डॉक्टरने सूचनेप्रमाणे प्रत्येक बाटली उघडताना तिचा वास घेतला होता. या बाटलीला कसलाही वास नव्हता.

वासाने काय सिद्ध होते? धनुर्वाताचा जिवाणू जगत असेल तर तो खात असणार. खात असेल तर हवेवाचून मांसरसातली द्रव्ये मोडून दुर्गंधी पदार्थ बाहेर टाकणारच. लस परळहून निघून मुल्कोवालला उघडली जाईपर्यंत कित्येक दिवस गेले होते. त्या बाटलीत धनुर्वात इतके दिवस वाढत असता, तर बूच काढताच नाक धरावे लागले असते. वास नाही, याचा अर्थ आत जिवाणूचा संसार थाटलेला नव्हता. जे काही गेले ते अगदी शेवटी. आणि कार्बोलिकबाबत म्हणावे तर अर्धा टक्का कार्बोलिकने बीजाणू मरत नाहीत. ते फार तर फुटून वाढायचे थांबतात.

मलेरियासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप सिद्ध होत नसल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले. परंतु परळ नव्हे, कलकत्ता. आणि ते जुने काम काही त्याच्या हाती परत आले नाही. पडलेल्या चिमट्यानेच एकोणीस जीव घेतले असे शपथेवर सांगणे आज धाडसाचे होईल. सिद्ध झाले ते इतकेच की परळच्या प्रयोगशाळेला दोषी धरण्याइतका पुरावा नव्हता. परळच्या त्या संस्थेला हाफकिनचे नाव १९२५ साली देण्यात आले.

बीजाणू खात नाही आणि जिवाणू खातो, हा फरक या वादात महत्त्वाचा ठरला. पण खाणारा जिवाणू न खाणारा बीजाणू होतो कसा? १८९० साली बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने म्हटले की अन्न संपू लागले की जिवाणू बीजाणू करतो. यावर आक्षेप असा की उपाशी, खंगलेला जिवाणू तर बीजाणू करीत नाही. चांगला पोसलेलाच करतो. दोन्ही बाजूंकडे प्रयोग होते. भांडण पन्नास-साठ वर्षे मिटले नाही, आणि मिटले तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या.

त्याला जिवाणूच्या घरखर्चाचा, म्हणजे चयापचयाचा, हिशेब मांडावा लागला. साखर भरपूर असताना बॅसिलस जातीचा जिवाणू उधळ्या असतो. साखर अर्धीच मोडतो, झटपट वाढतो आणि उरलेली आम्ले बाहेर फेकतो. भोवतालचा द्रव आंबट होतो. साखर संपली की तोच जिवाणू फेकलेली आम्ले परत आत घेऊ लागतो. त्यासाठी ज्या विकरांची साखळी लागते, ती म्हणजे हान्स क्रेब्ज याने १९३७ साली मांडलेले चक्र. आपल्या प्रत्येकाच्या पेशीतही तेच चक्र अहोरात्र फिरत असते. १९६३ साली अमेरिकेत हॅन्सन, श्रीनिवासन आणि हाल्वर्सन यांनी दाखवले की वाढत्या जिवाणूत हे चक्र जवळजवळ बंद असते आणि बीजाणू करण्याच्या वेळी ते जागे होते. पुढे असे जिवाणू सापडले की ज्यांच्यात या चक्रातले एखादे विकर जन्मतःच नाही. ते उत्तम वाढतात, पण बीजाणू करू शकत नाहीत. त्यांच्यापाशी भूक असते, पण भुकेच्या दिवसांत काम करण्याची ताकद नसते.

पूर्वी आपल्या घरांत आषाढात कणगीचा तळ दिसू लागला की घरधनीण पुढचे बेत ठरवी. कणगी पुरती रिकामी झाल्यावर ठरवून उपयोग नसे. जिवाणूचेही असेच आहे. बीजाणू करायला सात-आठ तास लागतात आणि एका टप्प्यानंतर पुन्हा अन्न मिळाले तरी माघार घेता येत नाही. १९६५ साली फ्रान्समध्ये शेफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की भरल्या ताटावरही काही थोडे जिवाणू बीजाणूच्या वाटेला लागतातच. अन्न जितके सकस, तितके त्यांचे प्रमाण कमी.

मग कणगीचा तळ दिसल्याचे जिवाणूला कळते कशाने? याचे उत्तर अमेरिकेतल्या एर्न्स्ट फ्रीझ याच्या प्रयोगशाळेत १९८० च्या आसपास मिळाले. पेशीत जीटीपी नावाचे एक द्रव्य असते. प्रथिने बांधण्याच्या कामात ते रोकड पैशासारखे खर्च होते. अन्न घटले की ही रोकड घटते, आणि ती घटली की बीजाणूचा हुकूम सुटतो. खरी मौज पुढेच आहे. डेकॉयिनीन नावाच्या औषधाने नुसते जीटीपी कमी केले, तर भोवती मुबलक अन्न असूनही जिवाणू बीजाणू करू लागतो! जिवाणू ताटाकडे बघत नाही, गल्ल्याकडे बघतो. या गल्ल्यावर लक्ष ठेवणारे प्रथिन, कोडवाय, हेच काम करते, हे अमेरिकेत सोनेनशाइन यांच्या गटाने २००१ साली दाखवले.

बीजाणू बांधण्याची रीत तर एखाद्या पुराणकथेसारखी आहे. पेशी दोन असमान भागांत विभागते. मोठा भाग लहान भागाला गिळून पोटात घेतो, त्याला थरावर थर कवच चढवतो आणि शेवटी स्वतः फुटून मरतो. मोठ्या भागाला शास्त्रज्ञ मातृपेशी म्हणतात, ते योग्यच आहे. २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या पोग्लियानो यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसले की एकदा आत गेल्यावर लहान पेशीचे स्वतःचे चयापचय मंदावते. लागणारी कच्ची द्रव्ये आईच तयार करून पुरवते. त्याआधीच, १९७० साली, सेट्लो आणि नोबेलविजेते आर्थर कोर्नबर्ग यांनी बीजाणूत साखरेच्या मोडणीतल्या एका द्रव्याची शिदोरी सापडल्याचे सांगितले होते. पुढे कधी तरी जाग येईल तेव्हा पहिल्या काही मिनिटांची ऊर्जा त्या शिदोरीतून मिळते.

या शिदोरीखेरीज आणखी एक द्रव्य बीजाणूत भरलेले असते. जोन पॉवेल या ब्रिटिश संशोधिकेने १९५३ साली ते शोधले. डायपिकोलिनिक आम्ल हे त्याचे नाव. बीजाणूच्या कोरड्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तेच असते. साध्या जिवाणूत ते सापडत नाही, पण ते तयार होते ते रोजच्या कामातल्या, लायसिन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या वाटेवरून फुटलेल्या आडवाटेने. ते एकटे राहत नाही, कॅल्शियमशी जखडून राहते, आणि या जोडीमुळे आतले पाणी हटते. पाणी नाही म्हणून चयापचय नाही, आणि म्हणूनच उकळत्या पाण्यालाही बीजाणू दाद देत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रेशर कुकरमध्येच, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे तेव्हा तो हरतो.

कॉखचा नियम, म्हणजे मेलेले जनावर फाडू नये, १८७६ चा. गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे आणि सोलणे हे काम ज्यांच्या माथी मारलेले होते, त्यांच्यापर्यंत तो कोणी पोहोचवला नाही. चामडे मालकाला हवे असे. हाताला काळपुळी उठे ती सोलणाऱ्याच्या. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते स्वाभिमानासाठी. पण त्या सुटकेत किती जणांचे हात आणि जीवही वाचले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

बाळंतिणीच्या खोलीतही हीच माती होती. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापून तिला शेण-माती लावायची, आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढायचे बंद व्हायचे. गर्भवतींना धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पाते, एवढ्या दोन गोष्टींनी तो आजार हटला. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. माती होती तिथेच आहे, बीजाणूही तिच्यात आहेत.

पांढुर्णा आता २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. सावरगाव आणि सौंसर त्यातच येतात. पावसाळ्यात एखादे जनावर अचानक मेले, नाका-गुदातून काळे रक्त आले आणि अंग ताठले नाही, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकाला बोलवावे, एवढे आता बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पुरताना वर चुना टाकण्याचीही आपल्याकडे रीत आहे. फाशीच्या बाबतीत मात्र चुना टाळावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. शक्य असेल तर जनावर जाळावे. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि कॅल्शियम हे तर बीजाणूच्या कवचाआडचे बांधकामाचे सामान.